गंजाचा ठिपका दिसला तर आधी हे वाचा
(स्टील पाइपची साइड टेबलं घेतलेल्या ग्राहकांसाठी)

पावसाचा जोर ओसरला की आमच्याकडे टेबलं परत यायला लागतात. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असते, घरी पाहुणे येणार असतात आणि सोफ्याशेजारच्या टेबलाच्या पायाशी तपकिरी ठिपके उठलेले असतात. मागणी एकच: "एवढ्याच जागी क्रोम मारून द्या ना."

नाही देता येत. क्रोम हा ब्रशने लावायचा रंग नाही. पाइपवर आधी निकेलचा थर चढतो आणि त्यावर क्रोमचा. हा वरचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, डोक्यावरचा केस त्याच्या पन्नासपट तरी जाड. पुन्हा क्रोम करायचं म्हणजे जुना थर उतरवून, पाइप पॉलिश करून, अख्खी फ्रेम टाकीत बुडवावी लागते. हे काम आम्ही बाहेरून करून घेतो, पाच-सहा फ्रेम जमल्या की एकदम पाठवतो. म्हणून वेळ लागतो, टाळाटाळ म्हणून नव्हे.

खरं नुकसान ठिपक्याने होत नाही, त्यानंतर घरात जे होतं त्याने होतं. आधी भांड्यांची तारेची घासणी. तिने जमलं नाही की पॉलिश पेपर. मग पाइप उघडा पडलेला बघून हार्डवेअरच्या दुकानातला चंदेरी ऑइलपेंट! टाचणीच्या टोकाएवढा ठिपका वाटीएवढा होतो आणि रंगाखाली गंज आरामात पसरत राहतो. तो रंग काढण्यात आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. रंगवलेल्या टेबलाचे आम्ही जास्त पैसे घेतो, त्यावर कृपया रागावू नका.

त्यापेक्षा हे करा. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून ठिपक्यावर हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. मग गोड्या पाण्याने पुसून, कोरडं करून, गाडीचं वॅक्स लावा. ताजे ठिपके बहुतेक वेळा एवढ्यानेच जातात आणि आमचं एक गिऱ्हाईक कमी होतं, चालेल.

ठिपके खालीच का? फरशी पुसताना पोछा टेबलाभोवती फिरतो, टेबल कोणी उचलत नाही. पाणी पायाखाली तसंच राहतं. त्यात फरशी ॲसिडने धुतली तर विचारायलाच नको, ते क्रोम सरळ खातं. बाथरूमला ॲसिड टाकतानाही टेबल लांब ठेवा, नुसती वाफ पुरते. किनाऱ्यावरच्या कळंगुट-मिरामारला खारा वारा आहेच. तिथे आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने मीठ पुसायचं आणि लगेच कोरड्याने. समुद्रापासून आत, फोंडा-डिचोलीकडे महिन्यातून एकदा चालतं. पावसाळ्यात घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाका.

"मग स्टेनलेसच का देत नाही?" देतो. पण ३०४ ग्रेडच्या, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसवरही किनाऱ्यालगत तपकिरी डाग येतात. समुद्र दिसणाऱ्या घरासाठी खाऱ्या हवेत जास्त टिकणारं ३१६ ग्रेडचं घ्या. महाग आहे, पुसावं त्यालाही लागतंच, पण क्रोमपेक्षा कटकट बरीच कमी. तुमच्याकडचं नेमकं काय आहे ते फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा: घट्ट चिकटलं तर क्रोम केलेलं साधं लोखंड.

तरी आमचा जीव क्रोमवरच. मार्सेल ब्रॉयर या फर्निचर डिझायनरने १९२५ साली सायकलच्या हँडलवरून पाइपची खुर्ची काढली, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडे सर्वात जास्त खपणारं गोल काचेचं, वर-खाली होणारं टेबल आयलीन ग्रे या डिझायनर बाईच्या नमुन्यावरचं. तिचं मूळ टेबल फ्रान्समधल्या अगदी समुद्रकाठच्या घरातलं. म्हणजे खाऱ्या वाऱ्याला ते नवखं नाही, फक्त पुसणारा हात हवा.

टेबल आणायचं झालं तर काच घरीच काढून ठेवा, आम्हाला फक्त फ्रेम हवी. आणि शुक्रवारी आणू नका. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दारात स्कूटरसुद्धा उभी राहत नाही.