चाशाकु

चाशाकु : जपानी चहाविधीत (चानोयू) माच्चा या हिरव्या चहाची पूड डबीतून काढून वाडग्यात घालण्याचा चमचा. तो बांबूच्या एकाच चिपेतून तासतात. लांबी साधारणतः १८ सेंमी. व वजन काही ग्रॅम असते. चहाविधीच्या बांबूच्या उपकरणांत चासेन (रवी), हिशाकु (पळी), फुताओकि (किटलीचे झाकण टेकवण्याची बैठक) व हानाइरे (फुलपात्र) यांचाही समावेश होतो. परंतु संग्राहकांचे लक्ष प्रामुख्याने चाशाकुवर असते. चासेन व हिशाकु व्यावसायिक कारागीर घडवतात, तर चाशाकु चहागुरूने स्वतः तासण्याची परंपरा आहे. त्यामुळे तो उपकरणापेक्षा हस्ताक्षरासारखा जपला जातो.

पूड उचलणारे पसरट टोक ‘काइसाकि’, त्याची अगदी पुढची कड ‘त्सुयु’, मधून जाणारी उथळ खाच ‘हि’, बांबूचे पेर ‘फुशि’ आणि मागचे कापलेले टोक ‘किरिदोमे’ या नावांनी ओळखले जाते. चीप भिजवून, आचेवर धरून वाकवतात, वाक पक्का झाला की चाकूने तासतात. खाच बहुधा तासून केलेली नसते. बांबूच्या कांड्यावर फांदीच्या बाजूस निसर्गतः असलेली पन्हळच चमच्यावर येते. चिपेची निवड करताना ती कुठे येईल हे पाहावे लागते.

चमचा मुळात कशाचा होता याबद्दल फारसा वाद नाही. चीनमधून आलेले हस्तिदंती व धातूचे चमचे, बहुधा औषधाची पूड काढण्याचे, चहासाठी वापरले जात. बांबू केव्हा व कोणामुळे आला, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. रूढ परंपरा याचे श्रेय चहागुरू मुराता जुको (सु. १४२३–१५०२) यांना देते, शुतोकु नावाचा कारागीर त्यांच्यासाठी चमचे तासत असे, असेही सांगितले जाते. जुको यांच्याविषयीची समकालीन साधने अत्यंत तुटपुंजी असल्याने हे श्रेय शब्दशः स्वीकारणे अवघड आहे. दुसऱ्या मतानुसार बांबूचा चमचा आरंभी तात्पुरती सोय म्हणून त्या-त्या प्रसंगी तासला जाई व नंतर टाकून दिला जाई; चहागुरू ताकेनो जोओ (१५०२–५५) यांच्या पिढीपासून तो राखून ठेवण्याजोगा मानला जाऊ लागला. साकाइ व नारा येथील व्यापाऱ्यांनी ठेवलेल्या चहामेळ्यांच्या नोंदी (यांतील ‘मात्सुया काइकि’ १५३३ पासून सुरू होते) या प्रश्नाचा अधिक विश्वसनीय आधार आहेत. त्यांत हस्तिदंती चमच्यांबरोबर ‘ओरितामे’, म्हणजे वाकवलेला, असा उल्लेख येतो व तो बांबूच्या चमच्याचा मानला जातो. दोन्ही प्रकार दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदले, बांबूला मान हळूहळू मिळत गेला, हे दुसऱ्या मताशी जुळणारे चित्र अधिक संभाव्य वाटते.

पेराच्या जागेवरून कालनिर्णय करण्याची पद्धतही याच चर्चेतून रूढ झाली. पेर नसलेला चमचा (हस्तिदंती किंवा त्याची नक्कल करणारा बांबूचा) सर्वांत औपचारिक, शेवटच्या टोकाशी पेर असलेला मध्यम आणि मधोमध पेर असलेला सर्वांत साधा, अशी ‘शिन, ग्यो, सो’ ही श्रेणी सांगितली जाते. टोकाशी पेर ठेवणे जोओ यांच्याशी व ते मधोमध आणणे चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–९१) यांच्याशी जोडले जाते. मधोमध पेर ही रिक्यू यांच्या रुचीची खूण होय, याला बहुतेकांची मान्यता आहे. मात्र पेराची जागा पाहून एखादा सुटा चमचा ‘जोओकालीन’ ठरवणे धोक्याचे आहे. तीन पायऱ्यांची नीटस मांडणी नंतरच्या संप्रदायांच्या शिकवणीत पक्की झालेली दिसते. रिक्यू यांच्याविषयी वारंवार उद्धृत होणारा ‘नाम्पोरोकु’ हा ग्रंथही आज बहुतेक अभ्यासक सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेला मानतात. म्हणून त्याच्या आधारे सोळाव्या शतकाची विधाने करताना सावधगिरी हवी.

रिक्यू यांच्या चमच्यांत सर्वांत प्रसिद्ध ‘नामिदा’ (अश्रू) होय. जपानचे तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्या आज्ञेने १५९१ मध्ये रिक्यू यांना आत्महत्या करावी लागली. तत्पूर्वी त्यांनी हा चमचा तासला, अखेरच्या चहामेळ्यात वापरला व शिष्य फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) यांना दिला, अशी परंपरा आहे. ओरिबे यांनी तो ठेवण्यासाठी चौकोनी खिडकी असलेली नळी करवली आणि त्या खिडकीतून चमच्याला गुरूची स्मृतिपट्टिका मानून ते वंदन करीत, असे सांगतात. हा चमचा नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयात आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने चमचा ठेवण्याची नळी (त्सुत्सु) ही चमच्याइतकीच, कित्येकदा अधिक मोलाची. ती बांबूचीच असते. तिच्यावर कर्त्याचे नाव किंवा काओ (चिन्हस्वरूप सही) व चमच्याचे नाव (मेइ) लिहितात. कर्त्यानेच केलेल्या नळीस ‘तोमोझुत्सु’ म्हणतात. नळी हरवल्यास पुढच्या पिढीतील कोणी नवी नळी करून देतो व चमच्याची ओळख तीवर लिहितो. यांमुळे एका चमच्याभोवती दोन-तीन नळ्या, पेट्या व प्रमाणपत्रे जमतात. चहागुरू कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) यांनी अभिजात कवितांवरून नावे देण्याची प्रथा विशेष वाढवली; त्यांच्या काही नळ्यांवर पूर्ण कविताच लिहिलेली आढळते. नळी व चमचा वेगळे करून दुसरीच जोडी जुळवणे सोपे असल्याने बनावटीचा प्रश्न जुना आहे. शिवाय ‘गुरूने स्वतः तासलेला’ हा शब्दप्रयोगही सैलपणे घ्यावा लागतो. ओबडधोबड तासणी (शिताकेझुरि) बहुधा कारागीर करीत आणि गुरू शेवटचा हात फिरवीत. सेन घराण्यांची (रिक्यू यांच्या वंशजांच्या चहाघराण्यांची) उपकरणे घडवणाऱ्या दहा घराण्यांपैकी क्योटोचे कुरोदा शोगेन घराणे बांबूकाम व पळ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

एडो काळात (१६०३–१८६८) असे चमचे दाइम्यो सरदारांच्या भांडारांत व चहाघराण्यांत होते. मेइजी स्थित्यंतरानंतर (१८६८) सरदारांचे संग्रह फुटले आणि मासुदा ताकाशी, नेझु काइचिरो यांसारख्या उद्योगपतींकडे बरेच गेले. मात्र ताकाहाशी सोआन यांनी १९२० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ‘ताइशो मेइकिकान’ या मोठ्या सूचीत चहाच्या डब्या व वाडगेच आहेत, चाशाकु नाहीत. त्या काळची प्रतिष्ठेची उतरंड यावरून कळते.

द्रव्याबाबत दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला, तेल काढून वाळवलेला पांढरट बांबू; दुसरा ‘सुसुदाके’, म्हणजे गवती छपराच्या घरांत चुलीच्या धुरात शंभर-दोनशे वर्षे राहून तपकिरी झालेला. दोर बांधलेला भाग फिकट राहतो, तो पट्टा चमच्यावर शोभेसाठी मुद्दाम घेतात. अशी घरे मोडत आल्याने चांगला सुसुदाके दुर्मीळ झाला आहे. आजचे बरेच चमचे कारागीर तासतात व क्योटोच्या दाइतोकु-जी या झेन मंदिराचे भिक्षू किंवा संप्रदायप्रमुख त्यांना नाव देऊन पेटीवर लिहितात. किंमत मुख्यतः या लिखाणावर ठरते. हस्तिदंती चमचे हस्तिदंताच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय बंदीमुळे देशाबाहेर नेणे कठीण झाले असून परदेशी संग्राहकांचा ओढा साहजिकच बांबूकडे आहे.

अन्य उपकरणांपैकी हानाइरे स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. रिक्यू यांनी हिदेयोशी यांच्या ओदावारा मोहिमेच्या वेळी (१५९०) इझुतील निरायामाच्या बांबूतून कापलेले ‘ओन्जोजी’ हे फुलपात्र तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात असून त्यावरील तडा त्याच्या कीर्तीचा भाग झाला आहे. चासेनचे प्रमुख केंद्र नारा प्रांतातील इकोमा शहराचा ताकायामा भाग होय. ताकायामा सोसेत्सु यांनी जुको यांच्या सांगण्यावरून ही कला सुरू केल्याची तेथील आख्यायिका आहे. तंतू झिजत असल्याने चासेन उपभोग्य वस्तू ठरते, आणि जुन्या रव्यांसाठी मंदिरांत अंत्यविधीही होतात. संग्रहात ती क्वचितच शिरते.