लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन: काम सोपवण्याआधी एवढं वाचा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकात चालणारा दुसरा, आभासी संगणक; तो चालवणारा एक प्रोग्रॅम म्हणजे क्यूईमू. ‘क्यूईमू सोर्सवरून कंपाइल करून द्या’, म्हणजे मूळ कोडपासून बिल्ड करून द्या, असं ग्राहक सांगतात, तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, कशासाठी? क्यूईमू, मशीनची व्यवस्था पाहणारं लिबव्हर्ट आणि ती माउसने हाताळू देणारा व्हर्ट-मॅनेजर बहुतेक डिस्ट्रोंच्या (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्स-संचांच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअर-भांडारात, तयार मिळतात आणि सिस्टिमच्या नेहमीच्या अपडेटबरोबर त्यांचेही सुरक्षा-अपडेट येतात. स्वतः बिल्ड केलेल्या आवृत्तीकडे मात्र कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. प्रोसेसरच्या मदतीने मशीन वेगात चालवणारं केव्हीएम तर २००७ पासून, म्हणजे आवृत्ती २.६.२० पासून, लिनक्स कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) आहे. त्यामुळे अगदी नव्या आवृत्तीतली सोय हवी असेल किंवा कोडमध्येच बदल करायचा असेल, तरच बिल्डच्या वाटेला जा.

बिल्ड करायचंच ठरलं, तर कॉन्फिगर करताना फक्त हव्या त्या प्रोसेसरचं टार्गेट देतो. ते दिलं नाही तर क्यूईमू झाडून सगळ्या प्रोसेसरांचे एम्युलेटर (त्यांची नक्कल करणारे प्रोग्रॅम) बांधत बसतं. नवी आवृत्ती ‘यूएसआर-लोकल’ फोल्डरमध्ये जाते, जुनी जागेवरच राहते. इथेच अनेकजण फसतात: लिबव्हर्टमधल्या आधीच्या मशीन जुनंच क्यूईमू वापरत राहतात. प्रत्येक मशीनच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये एम्युलेटरचा पाथ बदलावा लागतो.

मशीन चालतंय पण अगदीच रखडतंय? मग बहुधा केव्हीएम वापरातच नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा. एएमडीच्या बोर्डांवर ही सेटिंग बऱ्याचदा ‘एसव्हीएम’ नावाने असते. ती चालू असेल तर तुमचा यूजर ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये आहे का ते तपासा. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला विसरू नका.

मशीनमध्ये विंडोज इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामी दिसली तर घाबरू नका. डिस्क व्हर्टआयओ प्रकारची, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठीची, असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडली की काम होतं.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमची, व्हर्च्युअलबॉक्सची, तऱ्हा वेगळी. त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड व्हावं लागतं, म्हणून कर्नलचे हेडर (बिल्डला लागणाऱ्या फाइली) हवेतच. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड होतानाच व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्या एरर देऊन थांबतात. आमच्या मते एका यंत्रावर दोन्ही ठेवूच नयेत.

सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूलवर सही करून त्या सहीची की रीबूटच्या वेळी निळ्या स्क्रीनवर नोंदवावी लागते. साध्या रिमोट जोडणीवरून तो स्क्रीन आम्हाला दिसत नाही. त्या वेळी तुमच्याकडचं कोणीतरी कीबोर्डपाशी हवं, आणि बायोसला पासवर्ड असल्यास तोही त्यांना माहीत हवा.