दांडीखालची फळी

सकाळी खुराड्याचे दार उघडले, की रात्री कोणती कोंबडी दांडीवर कुठे बसली होती ते खाली पाहूनच कळते, कारण प्रत्येकीच्या जागेखाली विष्ठेचा एक लहानसा ढीग साचलेला असतो. अंधार पडताच उंचावर जाऊन बसण्याची सवय कोंबडीला रानकोंबड्यांकडून वारशाने मिळाली आहे आणि रात्रभर तिचे पचन चालूच असते. त्यामुळे चोवीस तासांतल्या विष्ठेचा मोठा वाटा एका अरुंद पट्ट्यात आयता गोळा होतो. परसातले खुराडे स्वच्छ ठेवणे आवाक्यात येते, ते याच सवयीमुळे.

यातला एखादा ढीग जवळून पाहावा. खालचा भाग तपकिरी असतो आणि त्यावर पांढरी टोपी असते; ही टोपी म्हणजे कोंबडीचे मूत्र. सस्तन प्राणी शरीराला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून बाहेर टाकतात, तर पक्षी तो मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, आणि हे आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळत असल्याने लगद्यासारखे दिसते. अधूनमधून गडद, चिकट आणि उग्र वासाची विष्ठाही आढळते. ती आतड्याच्या दोन बंद पिशव्यांमधून, म्हणजे अंधनालांतून येते. तिला हगवण समजून घाबरू नये.

खुराड्यातला झोंबरा वास पुढच्या टप्प्यावर तयार होतो. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. ओलावा आणि ऊब मिळाली की जिवाणू युरिक आम्लाचे विघटन करत आधी युरिया आणि मग अमोनिया तयार करतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग झाले, की कोंबड्यांच्या श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना इजा होऊ लागते, आणि धूळ व जंतू बाहेर ढकलणारी यंत्रणाच दुबळी पडते. प्रमाण आणखी वाढले तर डोळे सुजतात. आपले नाक मात्र या वासाला लवकर सरावते. म्हणून परीक्षा करायची ती दार उघडल्यावरच्या पहिल्या श्वासाने, आणि तोही कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत वाकून घ्यावा.

वास आला की चुना भुरभुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ओल्या विष्ठेवर तो उलटतो, हे ठामपणे सांगायला हवे. चुना अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी ओलाव्यात विष्ठेत अडकून राहिलेले अमोनियम वायूरूप अमोनिया होऊन सुटते. शिवाय ताज्या चुन्याने कोंबड्यांचे पाय आणि डोळे पोळतात.

खरा उपाय साधा आहे. दांडीच्या वीतभर खाली, दोन्ही बाजूंना पुरेशी बाहेर येईल अशी गुळगुळीत फळी बसवावी, तिच्यावर कोरड्या वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा पातळ थर द्यावा आणि रोज सकाळी पसरट पत्र्याने ती खरवडून घ्यावी. रोजच का, याचे उत्तर अमोनियापुरते मर्यादित नाही. रक्ती हगवण घडवणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवीची अंडकोषिका, म्हणजे त्याची कवचबंद, अंड्यासारखी अवस्था, विष्ठेबरोबर बाहेर पडते तेव्हा संसर्गक्षम नसते. ऊब, ओलावा आणि हवा मिळाल्यावर साधारण एक-दोन दिवसांत ती तशी होते. घरमाशीलाही उष्ण हवेत अंड्यापासून माशी होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. रोजची सफाई या दोघांनाही लागणारा वेळच काढून घेते.

खरवडलेली विष्ठा झाडांना ताजी घालू नये, मुळे करपतात. तिच्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन फार असतो, म्हणून वाळलेला पाला किंवा भुसा भरपूर मिसळून ती कुजवावी. ढिगाचे तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर गेले पाहिजे आणि ढीग उलथापालथ करून बाहेरचा भागही त्या उष्णतेत आणला पाहिजे, तरच साल्मोनेलासारखे जंतू मरतात. वाळलेली विष्ठा खरवडताना नाकातोंडावर मास्क हवाच, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

आणि फळी पुसून टाकण्यापूर्वी तिच्याकडे क्षणभर पाहावे. एखाद्या ढिगात रक्त दिसले, तर ती जागा खडूने खुणावून ठेवावी आणि संध्याकाळी तिथे कोण बसते ते पाहावे. कोंबड्यांच्या जागा बऱ्याचदा ठरलेल्या असतात, त्यामुळे पशुवैद्यकाला दाखवायची कोंबडी बहुधा त्याच रात्री सापडते.