गोकुळ शिरगावहून पुण्याला, इजिप्तमार्गे

ऑफिसची एक लाईन गेली की कॉल ‘आपोआप’ दुसऱ्या लाईनवरून जातो, असा अनेकांचा पक्का समज आहे. ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, विकणारा तसे सांगतो, माहितीपत्रकात तसे छापलेले असते, आणि हल्ली त्याला ‘एआय रूटिंग’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. मग कुठेतरी जेसीबी केबलवर चालतो, कारखान्यातून पुण्याच्या ऑफिसला फोन लागेनासा होतो, आणि ‘आपोआप’ कुठे गेले याचा शोध सुरू होतो. खरे तर एक्स्चेंजकडे असतो तो फक्त एक तक्ता. अमुक अंक आले तर अमुक वाटेने जा. ती बंद असेल तर पुढच्या ओळीकडे बघ. ती पुढची ओळ कुणीतरी माणसाने भरावी लागते, आणि घोळ तिथेच होतात.

समजा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक फाउंड्री आहे, तिचे विक्री कार्यालय पुण्यात आणि मुख्य कार्यालय मुंबईत. कोल्हापूरची एक्स्टेन्शन ४ ने सुरू होतात, पुण्याची ५ ने, मुंबईची ६ ने. सगळी चार अंकी. तिन्ही एक्स्चेंज एकमेकांना भाड्याच्या टाय लाईनने, म्हणजे दोन कार्यालयांना थेट जोडणाऱ्या खासगी लाईनने, जोडलेली आहेत. अशी एक ई-१ लाईन सेकंदाला २०.४८ लाख बिट वाहते. त्यांचे ३२ कप्पे पाडलेले असतात. एक कप्पा ताल सांभाळायला, एक एक्स्चेंजच्या आपसातल्या निरोपांना, उरलेले ३० बोलण्यासाठी. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका कप्प्यात ६४,००० बिट.

आता कोल्हापुरात कुणी ५२१७ दाबले. पहिली वाट सरळ पुण्याची टाय लाईन, आणि तिच्यावर ५२१७ तसेच पाठवायचे. दुसरी वाट मुंबईमार्गे, तिथेही ५२१७ चालते. मात्र लाईनवर आवाज दाबून पाठवला जात असेल तर मुंबईत तो एकदा उलगडून पुन्हा दाबला जातो आणि थोडा घोगरा होतो. तिसरी वाट सार्वजनिक टेलिफोनची, म्हणजे एसटीडी. तिथे ५२१७ ला काहीच अर्थ नाही. एक्स्चेंजने स्वतः पुढे ०२० आणि पुणे कार्यालयाच्या नंबरगटाचे चार अंक जोडायला हवेत, तेव्हा पुण्याचा आठ अंकी नंबर पुरा होतो.

इथली चूक मोठी मजेशीर असते. प्रोग्रॅमिंग करणारा स्वतः टेबलावरच्या फोनवरून जे दाबतो तेच तक्त्यात लिहितो: आधी बाहेरची लाईन मिळवायचा ०, मग ०२०. हा पहिला शून्य एक्स्चेंजपुरता असतो, तो बाहेर जायलाच नको. तो गेला की सुरुवात ००२० अशी होते. ०० म्हणजे आयएसडी (परदेशी कॉल), आणि २० हा इजिप्तचा कोड! पुण्याहून कोल्हापूरकडे हीच चूक झाली तर ०२३१ चा ००२३१ होतो आणि कॉल लायबेरियाची वाट धरतो. सांगलीचा ०२३३ घानाला, इचलकरंजीचा ०२३० मॉरिशसला. आयएसडी बंद असेल तर कॉल नुसता पडतो आणि ‘ओव्हरफ्लो (पुढच्या वाटेवर जाणे) चालत नाही’ अशी तक्रार येते; चालू असेल तर बिल येते.

याच्या उलट बाजूचा एक मोह असतो. पुण्यातल्या बाहेरच्या ग्राहकाला केलेला कॉल टाय लाईनने पुण्याला न्यायचा, तिथल्या लाईनवर लोकल म्हणून सोडायचा आणि एसटीडीचा आकार वाचवायचा. याला टोल बायपास म्हणतात आणि आपल्याकडे त्याला मनाई आहे. टाय लाईन आणि बाहेरची लाईन एकमेकींना जोडल्या जाणार नाहीत, अशी फाळणी एक्स्चेंजमध्ये घालूनच ठेवावी.

वाट बदलायची केव्हा, हा खरा प्रश्न. कॉल फसला की पलीकडचे एक्स्चेंज एक कारण-क्रमांक पाठवते, क्यू.८५० या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांची यादी आहे. १७ म्हणजे समोरचा फोन एंगेज. ३४ म्हणजे वाटेत मोकळा चॅनेल (बोलण्याचा कप्पा) नाही. १ म्हणजे असा नंबरच नाही. ३८ म्हणजे जाळे बिघडले, ४१ तात्पुरता बिघाड, ४२ एक्स्चेंजवर ताण. यांतल्या ३४, ३८, ४१, ४२ वर वाट बदलावी. १७ वर कधीही बदलू नये. ५२१७ वर माणूस बोलतो आहे, त्याच्याकडे मुंबईहून गेले काय आणि एसटीडीने गेले काय, तो बोलतोच आहे. तरीही ‘कोणत्याही कारणाने फसला तर पुढची वाट’ असे सरसकट लिहिलेले तक्ते सापडतात. मग एका एंगेज फोनसाठी तिन्ही वाटा झिजतात आणि फोन करणारा उगाच ताटकळतो.

साध्या तांब्याच्या लाईनवर हे क्रमांक येत नाहीत, फक्त टोन येतो, पण तोही कारण सांगतो. ४०० हर्ट्झचा टोन पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा संथ वाजला तर समोरचा एंगेज. पाव-पाव सेकंदाने घाईघाईत वाजला तर वाटेत कोंडी. बहुतेक लोक दोन्हींना ‘एंगेज लागतोय’ म्हणतात.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, तेव्हा पुण्याकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला किणी टोल नाक्यापर्यंत पोहोचल्यावर ‘रस्ता बंद’ कळून उपयोग नव्हता; ते कराडलाच कळायला हवे होते. कॉलचेही तसेच. केबल तुटली तर सिग्नल नाहीसा होतो, एक्स्चेंज त्या लाईनला लगेच बाद करते, ही सोपी गोष्ट. अवघड दुखणे ते, ज्यात आपल्या खोलीतला दिवा हिरवा असतो आणि बिघाड मध्येच कुठेतरी असतो. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन पद्धतीत एक्स्चेंज कॉलचा निरोप पाठवून ४ सेकंद थांबते, पुन्हा पाठवते, आणखी ४ सेकंद थांबते, मग १०२ हा कारण-क्रमांक देऊन सोडते. आठ सेकंद शांतता. इंटरनेट पद्धतीच्या एसआयपी लाईनवर तर निरोप अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन, चार अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने पुन्हा पुन्हा जातो आणि हार मानायला ३२ सेकंद लागतात. इतका वेळ फोन कोण कानाला धरून बसेल? फोन करणारा तो ठेवून देतो, आणि दुसरी वाट कधी वापरलीच जात नाही. उपाय दोन: ती मुदत ४-५ सेकंदांवर आणणे, आणि कॉल नसतानाही दर अर्ध्या मिनिटाला ‘आहेस का?’ असा ऑप्शन्स निरोप पाठवत राहणे.

दुसऱ्या वाटेला चॅनेल किती लागतात, हे गणित डेन्मार्कच्या आग्नेर क्रारुप एर्लांग यांनी सोडवले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करताना १९१७ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. तासाला १०० कॉल, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा, म्हणजे ३०० मिनिटे. भागिले ६०, म्हणजे ५ एर्लांग, अर्थात सरासरी एका वेळी पाच कॉल चालू. ‘मग पाच चॅनेल पुरतील’ असे वाटते. पण कॉल रांगेने येत नाहीत, झुंडीने येतात. ५ चॅनेलवर १०० पैकी २८ कॉल अडतात. ६ वर १९, ८ वर ७, आणि १० चॅनेल दिले तर जेमतेम २.

आता पुण्याच्या टाय लाईनवर आवाजाला ६ कप्पे दिले आणि बाकीचे डेटाला. अडलेले १९ टक्के, म्हणजे ०.९६ एर्लांग, एसटीडीच्या वाटेवर गळतील. एर्लांगचा तक्ता काढून ०.९६ समोर बघावे तर ४ चॅनेलला फक्त १.४ टक्के अडतात. छान, चार घेऊ! इथे फसगत होते. सहा अधिक चार म्हणजे दहा. दहा चॅनेलवर १०० पैकी १.८४ कॉल अडतात हे वर आलेच. पण अडणारे हे सगळे कॉल गळून आलेल्या १९ मधलेच. १.८४ ला १९.२ ने भागा: ९.६ टक्के. तक्त्याने सांगितल्याच्या जवळजवळ सातपट. कारण गळती नेमकी तेव्हाच होते जेव्हा सहाही कप्पे भरलेले असतात, म्हणून गळणारे कॉल साध्या झुंडीपेक्षाही दाट येतात. सहजगत्या येणाऱ्या कॉलमध्ये सरासरी आणि विचरण (सरासरीभोवतीच्या चढ-उताराचे माप) समान असतात. इथे सरासरी ०.९६ आणि विचरण १.६६ निघते. या फरकासकट हिशेब करायची रीत बेल लॅब्जच्या रॉजर विल्किन्सन यांनी १९५६ मध्ये दिली. आणि टाय लाईन पुरतीच गेली, तर पूर्ण ५ एर्लांग त्या चार चॅनेलवर कोसळतात. १०० पैकी ४० कॉल अडतात, अडलेले लोक पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि आकडा आणखी वाढतो.

सगळ्यात वाईट दुखणे चक्राचे. कोल्हापूर ते पुणे लाईन बंद, म्हणून कॉल मुंबईला गेला. मुंबई ते पुणे लाईनही बंद. मुंबईच्या तक्त्यात ५ ची दुसरी वाट लिहिली आहे: ‘कोल्हापूरमार्गे’. कॉल परत कोल्हापुरात. कोल्हापूर तो पुन्हा मुंबईला पाठवते. प्रत्येक फेरा कोल्हापूर-मुंबई लाईनचा एक एक चॅनेल धरून ठेवतो. एकच कॉल काही सेकंदांत ३० च्या ३० चॅनेल खातो आणि बोलत कुणीच नसते. कॉल रजिस्टरच्या प्रिंटमध्ये एकाच क्षणाला ५२१७ च्या ओळीमागे ओळी दिसल्या, तर निदान झाले. अशा वेळी ‘लाईन कमी पडतात, वाढवून घ्या’ हा सल्ला ऐकू नये. वाढवलेल्याही तो गिळेल. ज्या ट्रंकगटातून (एकाच ठिकाणी जाणाऱ्या लाईनच्या गटातून) कॉल आला त्याच गटातून तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढा नियम पुरतो. शिवाय क्यूसिग या एक्स्चेंजांच्या आपसातल्या निरोपांच्या पद्धतीत कॉलसोबत फेऱ्यांची मोजणी जाते. तीन कार्यालयांना मर्यादा २ ठेवावी. एसआयपीत ही मर्यादा मुळात ७० असते, तीही उतरवून घ्यावी.

वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला हलवलेली आणि लिंबू-मिरची टांगलेली ईपीएबीएक्सची कपाटे आपल्याकडे नवी नाहीत. वळवाच्या विजेला दिशा कळत नाही. कपाट अर्थिंगपासून लांब गेले तर तिचे काम सोपेच होते. जमिनीत वीज उतरवते ती अर्थिंगची जाड, आखूड तार आणि एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर, लावलेली गॅस ट्यूब. दोन कंपन्यांच्या लाईन घेतल्या म्हणून निर्धास्त होण्यातही तितकेच तथ्य. दोन्ही केबल एकाच चरातून, एकाच पुलावरून येत असतील तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. दोन्हींचा मार्ग नकाशावर मागून बघावा.

चाचणी घेताना फक्त आपल्याकडची केबल उपटून भागत नाही, कारण तो सोपा बिघाड झाला. लांबच्या टोकाचा पोर्ट बंद करून बघावे, सगळे चॅनेल कॉलने भरून बघावे, एंगेज फोनवर कॉल करून वाट बदलत नाही ना हे तपासावे. लाईन परत आली तरी ती काही मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय कॉल तिच्यावर घेऊ नयेत. लागोपाठ ये-जा करणारी लाईन मेलेल्या लाईनपेक्षा जास्त त्रास देते.

१००, १०१, १०८, ११२ या नंबरांना मात्र दुसऱ्या शहराची वाट ठेवायचीच नाही. तिन्ही कार्यालयांचे मिळून एकच एक्स्चेंज मुंबईत असेल, तर फाउंड्रीत आग लागल्यावर फिरवलेला १०१ मुंबईच्या अग्निशमन दलाकडे वाजेल. यासाठी कोल्हापुरातच एक साधी तांब्याची लाईन ठेवावी आणि ती वीज गेल्यावर रिलेने (आपोआप बदलणाऱ्या स्विचने) थेट गेटवरच्या फोनला जोडली जाईल अशी घ्यावी. हा रिले बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये असतोच, फक्त त्याच्या टोकांना वायर जोडलेली नसते.