लकव्यानं आखडलेल्या हातासाठी हवेचा हातमोजा : भाड्यानं नेण्याआधी वाचा

लकव्यानंतर मूठ अशी आवळते की नखं तळव्यात रुततात. तळहात धुवायचा तरी एकानं बोटं धरून ठेवावी लागतात. घरात असं कुणी असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या पाहणीत सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला दिसला होता. जे वाचतात त्यातले बरेच काठी घेऊन का होईना, चालू लागतात. हात मागं राहतो. मग शर्टाची गुंडी अडते, पऱ्हाटीचं बोंड अडतं.

या मोज्याच्या बोटांवर रबरी नळ्या आहेत. पंपानं हवा भरली की बोटं मिटतात, ओढून घेतली की उघडतात. जोडीचा दुसरा मोजा चांगल्या हातात घालायचा. तो हात करील तेच आजारी हात करतो.

पण मोजा चढवून टीव्ही बघत बसायचं असेल तर नेऊ नका. बोटं उघडायच्या वेळी पेशंटनं स्वतः जोर लावायचा, बोट हललं नाही तरी. मेंदू त्या प्रयत्नानं शिकतो. मोजा फक्त न थकता पुन्हा पुन्हा करवून घेतो. मोजा काढला की बोटं थोडी सैल असतात, तेव्हाच वाटीतली तूर एकेक दाणा उचलायला लावा. आमच्या मते खरा व्यायाम तो.

ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर झालेल्या चाचणीत (२०१९) यंत्रानं व्यायाम केलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा फार सुधारला नाही. ते दवाखान्यातलं मोठं यंत्र होतं, हा मोजा नव्हे. तरी ‘हात बरा करून देतो’ असं आम्ही कुठंच लिहीत नाही. फिजिओथेरपी बंद करू नका.

बधिर हाताला टोचलेलं कळत नाही. म्हणून आधी नखं कापा, आत सुती मोजा घाला (मे महिन्यात घामानं कातडी सोलते), आणि काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर वापर थांबवून आम्हाला फोन करा. हातानंही बोटं उघडत नसतील तर मोज्यानं ओढू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पेशंटला उठवताना त्या हाताला धरून कधीच ओढू नका, खांदा निसटतो.

बॅटरी रात्रीच चार्जिंगला लावा, सकाळी लाइनीचा भरवसा नाही. माप हात बघूनच देतो, त्यामुळं पेशंटला सोबत आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नका.