कोरफडीचं पान नेताय? आधी पिवळा चीक निथळू द्या

आमच्या दुकानातून पान नेल्याच्या दुसऱ्या दिवशी येणारे बहुतेक फोन एकच सांगतात: "लावलं तिथे खाज सुटली." पान खराब नसतं. सालीच्या लगेच खाली पिवळा, कडू चीक असतो; तो गरात मिसळला की काहींच्या कातडीला सोसत नाही. हाच चीक आटवून वाळवला की काळा बोळ होतो. पोटात गेला तर मुरडा येऊन जुलाब होतात, गरोदरपणी तर तो नकोच.

पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवा. 20 मिनिटं पुरतात, जाड पानाला अर्धा तास द्या. साचलेला चीक फेकून पान धुवा, कडांचे काटे काढा, वरची साल सुरीने सोला. आता मधला काचेसारखा गर चमच्याने अलगद उचला. साल खरवडून "सगळा" गर काढायचा मोह होतो, तिथेच घोटाळा होतो: खरवडलं की चीक परत गरात येतो. गर पुन्हा धुवून घ्या. झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा.

दुकानात पान कापून आम्ही ते निथळायला ठेवतो. "घाई आहे, तसंच द्या" म्हटलं तरी तसंच देत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "कोरफडीने नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणे, मग ब्लॉकेजसाठी रस पिऊ का?" अर्धं खरं आहे. गरातलं बीटा-सिटोस्टेरॉल नावाचं द्रव्य कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावरणावर ठेवलं तेव्हा नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या प्रयोगात दिसल्या. पण गरात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि हे द्रव्य आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. ते शेंगदाण्यातही असतं. शेंगदाणे खाऊन कोणाचं ब्लॉकेज सुटलेलं नाही. म्हणून आम्ही रसाच्या बाटल्या ठेवत नाही.

शिवाय नवी रक्तवाहिनी प्रत्येक ठिकाणी हवीच असते असं नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर फुटणाऱ्या नाजूक वाहिन्याच दृष्टी घालवतात, आणि कॅन्सरच्या गाठीलाही वाढायला रक्त लागतं. कॅन्सरवर किंवा डोळ्याच्या पडद्यावर उपचार चालू असतील तर कोणताही अर्क डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गर खरचटण्यावर, उन्हाने रापलेल्या कातडीवर, किरकोळ भाजण्यावर (आधी 20 मिनिटं नळाखाली धरून) लावा. खोल किंवा टाक्यांच्या जखमेवर, मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर लावू नका. शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमा जेल लावल्यावर उशिरा भरल्याचं 1991 च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

आमची पानं तीन वर्षांवरच्या झाडांची, बाहेरच्या बाजूची असतात. म्हणून बाजारातल्यापेक्षा थोडी महाग. वारंवार लागत असतील तर कुंडीच न्या, एकदाच खर्च. नाशिकच्या पावसाळ्यात ती वळचणीला ठेवा, मुळाशी पाणी साचलं की कुजते. सिडको, इंदिरानगर आणि नाशिकरोडला पानं घरपोच देतो. ती दुकानातल्यासारखी बुडाशी कापून निथळलेली नसतात, तेव्हा पेला तयार ठेवा.