पेट शॉपच्या काचेमागचे पिल्लू येते कुठून?

पिल्लांच्या धंद्यात वयाला भाव असतो. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू हातोहात जाते; चार महिन्यांचे झाले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते. त्यामुळे दुकानाला बारा महिने, जवळजवळ दर आठवड्याला, ठरावीक वयाची आणि वेगवेगळ्या जातींची पिल्ले लागतात.

कुत्रीचे शरीर मात्र या वेळापत्रकाने चालत नाही. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गाभण राहिली की सुमारे 63 दिवसांनी विते आणि पुढे किमान आठ आठवडे पिल्ले तिच्याजवळ असावी लागतात. चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, मोजक्याच माद्या ठेवतो, वर्षाकाठी एखाद-दुसरे वेत घेतो आणि बऱ्याचदा पिल्ले जन्मायच्या आधीच त्यांची घरे ठरलेली असतात. दुकानाला द्यायला त्याच्याकडे उरतेच काय? शिवाय पिल्लू कोणाकडे गेले हे त्याला माहीत असावे लागते. पुढे त्यात आनुवंशिक दोष निघाला, तर त्या जोडीपासून पुन्हा वेत घ्यायचे नसते. घर जमले नाही, तर पिल्लू परत घ्यायचे असते. दुकानातून विक्री झाली की हा धागाच तुटतो. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक जातींच्या क्लबांनी आपल्या आचारसंहितेत दुकानांना पिल्ले विकायला मनाई केली आहे. मग दुकानाचे वेळापत्रक कोण पाळू शकतो? ज्याच्याकडे पन्नास-शंभर माद्या सतत व्यायला ठेवलेल्या आहेत, तो.

‘जातिवंत’ कुत्र्याची हौस तशी अलीकडची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला 1859 मध्ये पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, 1873 मध्ये जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब आणि 1884 मध्ये अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळीचे कागद तेव्हापासून प्रतिष्ठेचे झाले. त्या कागदावर मुख्यतः आई-बाप आणि पूर्वज कोण हे नोंदलेले असते. ते निरोगी होते का, त्यांना कुठे ठेवले होते, याबद्दल बहुतेकदा एक अक्षर नसते. गिऱ्हाईक मात्र तो कागद गुणवत्तेचा दाखला समजते, आणि दुकानदार त्याचा हा समज मोडत नाही.

घाऊक उत्पादन सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मिसुरी, कॅन्सस, आयोवा अशा अमेरिकी राज्यांतल्या शेतकऱ्यांना जोडधंदा हवा होता, शहरांत पैसा आला होता आणि दुकानांच्या साखळ्या वाढत होत्या. कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांत आणि सशांच्या पिंजऱ्यांत कुत्र्या आल्या. मध्ये दलाल उभा राहिला. तो शेताशेतांवरून साधारण आठ आठवड्यांची पिल्ले गोळा करतो आणि ट्रकने दूरच्या दुकानांत पोहोचवतो.

कायदा आला तो वेगळ्याच कारणाने. 1965 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाची ‘पेपर’ नावाची डाल्मेशियन जातीची कुत्री चोरीला गेली आणि न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत मेली. त्यावरून उठलेल्या गदारोळातून प्रयोगशाळांतल्या प्राण्यांसाठीचा 1966 चा कायदा झाला. 1970 च्या दुरुस्तीने घाऊक ब्रीडर आणि दलाल त्याच्या कक्षेत आले; किरकोळ दुकानांना सूट राहिली. पिंजऱ्यातल्या जागेचे कायद्याचे मोजमाप काय आहे ते बघा: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची, तीत सहा मिळवायचे आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा. म्हणजे 24 इंची कुत्रीला 900 चौरस इंच, सव्वासहा चौरस फूट. डोक्यावर सहा इंच मोकळे सोडले आणि तळाच्या जाळीतून पाय खाली जात नसला, की जागेचा नियम पाळला गेला. ‘आमचे ब्रीडर सरकारमान्य आहेत’ या वाक्याचा जागेपुरता अर्थ एवढाच.

घाऊक पैदाशीत खर्च वाचतो तो आधी आईच्या तपासण्यांवर. अमेरिकेत खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढून त्याला कायम श्रेणी मिळते ती 24 महिने पूर्ण झाल्यावर. पहिल्या किंवा दुसऱ्या माजालाच लावलेल्या कुत्रीकडे ती बहुधा नसतेच.

पिल्लांचे हाल पुढे. तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे हा त्यांचा माणसांची, आवाजांची, घरातल्या वावराची सवय होण्याचा काळ. तो पिंजरा, ट्रक आणि काचेची पेटी यांतच जातो. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. ती शिल्लक असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून लसी सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. या फटीत अनेक ठिकाणची पिल्ले एका ट्रकमध्ये कोंबली की पार्व्हो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), जिआर्डिया (आतड्यांतला परजीवी) आणि खोकला पसरतो. पार्व्होची लक्षणे दिसायला तीन ते सात दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे दुकानात टुणटुणीत दिसलेले पिल्लू घरी आल्यावर रक्ताचे जुलाब करू लागते.

यावर धंद्याने काढलेला तोडगा म्हणजे सरसकट अँटिबायोटिक. 2016 ते 2018 दरम्यान अमेरिकेतल्या 18 राज्यांत 118 माणसांना कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब करणाऱ्या जंतूची लागण झाली आणि तिचा माग दुकानातल्या पिल्लांपर्यंत गेला. तपासलेल्या 149 पिल्लांपैकी 142 पिल्लांना किमान एकदा अँटिबायोटिक दिलेले होते, त्यातही निम्म्याहून जास्त पिल्लांना आजार नसताना, निव्वळ खबरदारी म्हणून. जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नव्हते.

बंदीचे कायदे गेल्या काही वर्षांतले. कॅलिफोर्नियाने 2019 पासून दुकानांत फक्त आश्रयगृहांतली आणि बचाव संस्थांची कुत्री ठेवायची सक्ती केली. लगेच घाऊक पिल्ले ‘बचाव संस्थे’च्या नावाने येऊ लागली, म्हणून 2021 पासून दुकानातली विक्रीच बंद झाली. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालचे पिल्लू ब्रीडरकडून थेट किंवा आश्रयगृहातूनच घेता येते, आणि ब्रीडरने ते जन्मले त्या जागी, आईसोबत दाखवावे लागते. फ्रान्सने 2024 पासून दुकानांतली विक्री थांबवली.

धंदा आता ऑनलाइन जाहिरातींकडे सरकला आहे, आणि आई दाखवायची अट आली तशी उसनी आईही आली, म्हणजे दुसरीच कुत्री आई म्हणून दाखवणे. ती ओळखता येते. आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या आईचे सड अजून लोंबलेले, ताणलेले असतात. आटलेले आणि पोटाला चिकटलेले दिसले तर शंका घ्यावी. पिल्ले तिच्याजवळ सोडायला सांगावे. खरी आई त्यांना हुंगते, चाटते किंवा कंटाळून दटावते. उसनी बहुधा गुरगुरते किंवा उठून कोपऱ्यात जाते.